वेस नसलेल्या गावाची तयारी

पटकीची साथ आली की जुन्या काळी गावे मरीआईचा गाडा काढीत. देवीला गाड्यात बसवायचे, नैवेद्य दाखवायचा, वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून परत फिरायचे. सकाळी त्या गावाला जाग आली की तेही गाडा ओढून आपल्या शिवेपलीकडे नेऊन सोडी. रोग कोठून येतो हे ठाऊक नसलेल्या समाजाची ही उपाययोजना होती आणि तिला हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. २०२० च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील कित्येक गावांनी बाभळीच्या फांद्या, दगड आणि बैलगाड्या आडव्या टाकून आपले रस्ते बंद केले, तेव्हा रोग कसा पसरतो याची माहिती प्रत्येकाच्या हातातील फोनवर होती. तरी हात मात्र आपोआप वेशीकडेच गेले. गावाची कल्पनाच आपण वेशीपासून सुरू करतो. आतले ते आपले, बाहेरचे ते साथीचे.

मला ज्या गावाविषयी लिहायचे आहे त्याला ही सोय उरलेली नाही. महाळुंगे नावाची गावे पुणे जिल्ह्यात एकाहून अधिक आहेत. बालेवाडीला लागून असलेले महाळुंगे क्रीडासंकुलामुळे शहरी वाचकाला ठाऊक असते. मी म्हणतो ते खेड तालुक्यातले, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे महाळुंगे; जुनी माणसे ज्याला म्हाळुंगे इंगळे म्हणतात ते. महाळुंग हे लिंबाच्या जातीचे, जाड सालीचे, सुगंधी फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात ते असते. आज या नावाने फळाची आठवण क्वचितच कोणाला होत असेल. चाकणचे औद्योगिक क्षेत्र वाढत गेले, २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे मोठे प्रकल्प या पट्ट्यात सुरू झाले, त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले आणि शेतकऱ्यांनी राहत्या घरांच्या मागे खोल्यांच्या रांगा बांधून भाड्याने दिल्या. दर पाळीला बसगाड्या भरून माणसे आत येतात आणि तितकीच बाहेर जातात. बीड, लातूर, यवतमाळ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड अशा निरनिराळ्या शिवा एकाच खोलीत झोपतात. वेस कोठे घालायची?

या प्रश्नाची प्रशासकीय बाजूही तितकीच गुंतागुंतीची आहे. हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. त्यामुळे येथील आरोग्याची जबाबदारी जिल्हा परिषदेची, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यापुढे चाकणचे ग्रामीण रुग्णालय या साखळीची. पोलीस मात्र २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. कारखान्यांच्या भूखंडांचे काम औद्योगिक विकास महामंडळ पाहते, बाहेरच्या बांधकामांचे प्रदेश विकास प्राधिकरण, आणि गावातल्या कचऱ्यापाण्याचे ग्रामपंचायत. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. या नकाशांच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे माणसे राहतात. विषाणूला यांपैकी एकही रेषा दिसत नाही.

२०२० साली याच महाळुंग्याने जिल्ह्याला मोठा आधार दिला, हे प्रथम प्रांजळपणे सांगितले पाहिजे. म्हाडाने सर्वसामान्यांसाठी बांधलेल्या येथील इमारती मोकळ्या होत्या. जिल्हा परिषदेने त्यांत कोविड काळजी केंद्र उभारले. ज्यांना रुग्णालयाची गरज नव्हती पण घरी वेगळे राहणेही शक्य नव्हते, अशा लागण झालेल्या माणसांची तेथे सोय झाली. खोलीत सहा जण राहत असताना एकाला ताप आला तर त्याने कोठे जायचे, या प्रश्नाचे ते अगदी सरळ आणि योग्य उत्तर होते. घराचा तुटवडा हाच ज्या रोगाच्या फैलावाचा एक मार्ग आहे, त्या रोगावर तात्पुरते घर देणे हा खरा उपचार होय. हे ज्यांना सुचले आणि ज्यांनी दिवसरात्र राबून ते चालवले त्यांचे ऋण मानावे तितके थोडेच.

पण त्या उत्तरात एक दैवयोग दडलेला होता. घरे बांधून तयार होती आणि माणसे अजून राहायला यायची होती, म्हणून केंद्र उभे राहिले. पुढच्या वेळी घरांत माणसे असतील. पिंपरीतील नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर २०२० च्या ऑगस्टअखेर जे प्रचंड तात्पुरते रुग्णालय उभारले गेले, तेही काम संपताच उठले. मांडव घालण्यात आपला हात कोणी धरणार नाही. लग्न असो, गणपती असो, वारी असो, चार दिवसांत आपण गाव वसवतो आणि पाचव्या दिवशी जमीन पूर्ववत करतो. साथीशीही आपण मांडवाच्या कलेनेच झुंजलो. प्रश्न असा आहे की मांडव उठल्यावर मागे काय राहिले?

येथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण साथीचा सामना करण्याची आपली सरकारी भाषा ज्या प्रसंगी घडली तो प्रसंग याच पट्ट्याच्या उंबरठ्यावरचा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. चापेकर चिंचवडचे. त्यांच्या नावाचा चौक आज या औद्योगिक नगरीत आहे. ही कथा आपण शौर्यकथा म्हणून शिकलो व शिकवतो, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि तिच्यातला आरोग्याचा धडा बहुधा वर्गाबाहेरच राहतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. काही कलमांचा तो छोटासा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. रुग्णाला काय मिळावे याविषयी त्यात अक्षर नाही. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने जो कायदा लागू केला तो हाच. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, राज्यपद्धती बदलली. पण साथ आली की प्रथम आठवते ती आज्ञा, शुश्रूषा नंतर.

शुश्रूषेची परंपराही त्याच सालची आणि त्याच परिसरातली आहे. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचवण्याचे काम केले आणि त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एका टोकाला घराचा दरवाजा तोडून आत शिरणारी सत्ता आणि दुसऱ्या टोकाला आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघालेली साठी ओलांडलेली बाई. तयारी म्हणजे काय, याचे हे दोन नमुने आपल्या इतिहासाने एकाच वर्षात शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. पहिल्याचा कायदा झाला. दुसऱ्याची आपण जयंती केली.

प्लेगने निदान स्मृती तरी मागे ठेवली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचा काळ घरगुती बोलीत आणि संसारी बाईच्या नजरेतून येतो. श्वसनाच्या साथीचे तसे झाले नाही. १९१८ साली जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला, पावसाने ओढ दिलेल्या त्या वर्षी सप्टेंबरनंतर त्याची दुसरी, भीषण लाट आली, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक तेवढेच. जुन्या माणसांनी त्या तापाला ‘मानमोडी’ म्हटले. केवढा समर्थ शब्द! पण हा शब्द घेऊन मराठी ललित वाङ्मयात शिरावे तर हाती फार थोडे लागते. हिंदीत निरालांनी ‘कुल्ली भाट’मध्ये पत्नी व आप्त गमावल्याची आणि प्रेतांनी भरलेल्या गंगेची आठवण लिहिली. इंग्रजीत कॅथरिन ॲन पोर्टर यांची दीर्घकथा आहे, तीही साथीनंतर वीस वर्षांनी, १९३९ साली आलेली. महायुद्धावर ग्रंथालये भरली आणि महायुद्धाहून अधिक माणसे मारणाऱ्या तापावर मौन. असे का व्हावे? मला वाटते, श्वसनाच्या साथीला दृश्य नसते. प्लेगची गाठ दिसते, देवीचे व्रण राहतात, पटकीने गाव ओस पडलेले दिसते. खोकला मात्र रोजचाच. त्याला कथानक नाही, खलपुरुष नाही, आणि बरा झालेला माणूस दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर असतो. जे सांगितले जात नाही ते आठवत नाही, आणि जे आठवत नाही त्याची तयारी होत नाही.

विस्मरणाचा हा वेग आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. एक शाळकरी मुलगी गेली. त्यानंतरच्या पंधरवड्यात नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा बंद पडल्या, आणि एरवी कशालाही न भिणारे पुणे रुमाल बांधून फिरू लागले. देशातील विषाणुविज्ञानाची अग्रगण्य संस्था, १९५२ साली स्थापन झालेली, याच शहरात आहे. तपासणीचा सारा भार त्या वेळी तिच्यावरच येऊन पडला. तेव्हाही तयारीच्या योजना झाल्या, सभा झाल्या. अकरा वर्षांनी, ९ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्रातले पहिले कोविडबाधित त्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले. प्रयोगशाळा वाढल्या होत्या, हे खरे. पण ताप आलेल्या कामगाराने उद्या कामावर जावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर २००९ साली नव्हते आणि २०२० सालीही नव्हते.

माझ्या मते महाळुंग्यासारख्या ठिकाणची तयारी नेमकी याच प्रश्नापाशी सुरू होते. खाटा, प्राणवायू, औषधे यांचे महत्त्व कोण नाकारील? २०२१ च्या एप्रिलमध्ये उद्योगांचा प्राणवायू रुग्णालयांकडे वळवावा लागला, तेव्हा चाकणच्या पट्ट्याचे मोल जिल्ह्याला कळले. पण खाट ही साथीची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी खोलीत आहे, आणि ती चढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मोजणी, खाडा आणि भाषा.

मोजणी प्रथम. सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र व तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे आपले प्रमाण आहे. प्रमाण वाईट नाही. पण ‘लोक’ कोणाला म्हणायचे हे आधी ठरले पाहिजे. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हायची ती त्या साली झाली नाही, आणि या पट्ट्याचा मोठा विस्तार नेमका त्या दरम्यानचा. भाड्याच्या खोलीतला तरुण मतदार गावाकडचा, शिधापत्रिका गावाकडची, येथे तो केवळ ठेकेदाराच्या हजेरीपटावर. आरोग्याच्या हिशेबी तो नाहीच. आणि जो मोजला जात नाही त्याच्या वाट्याची परिचारिकाही नेमली जात नाही. येथे कोणी म्हणेल की भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे असतेच. असते, पण ती संशयाची नोंद आहे. ज्या वहीत आपण संशयित म्हणून लिहिले गेलो, त्या वहीच्या भरवशावर कोणी ‘मला ताप आहे’ असे सांगायला पुढे येत नाही. रँडच्या पुण्याने हे शिकवले आहे. खोल्यांची, त्यांतल्या माणसांची, हवा खेळते की नाही याची, सामायिक नळ व शौचालये किती याची नोंद आरोग्य केंद्राने, साथ नसताना, स्नेहाने करून ठेवली पाहिजे. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत केलेल्या रक्तपाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. झोपड्यांत आणि सामायिक शौचालये वापरणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. विषाणू गरीब-श्रीमंत जाणत नाही, असे आपण भाषणांत म्हणतो. त्याला ते जाणण्याची गरजच नाही. खोलीचे क्षेत्रफळ ते काम करते.

मग खाडा. मराठीतला हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. रजा ही मागता येते, मिळते, साठते. खाडा पडतो. ज्याला रजा नाही त्याच्या आजाराचे नाव खाडा. कायम कामगाराला पगारी रजा असते. कंत्राटी कामगाराचा दिवस गेला की पैसे गेले, आणि दोनचार खाडे पडले की जागाही गेली. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ आहे: सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. योजना उदात्त आहे. पण तिच्यात चालत आलेली पद्धत अशी की आजाराचे पहिले दोन दिवस बहुधा प्रतीक्षेत जातात, त्यांचा लाभ नाही. आणि लाभासाठी सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आता श्वसनाच्या विषाणूचे वेळापत्रक पाहा. इन्फ्लुएंझा काय किंवा कोविड काय, रुग्ण सर्वाधिक संसर्गकारक असतो तो लक्षणे दिसू लागण्याच्या आगेमागे आणि पहिल्या काही दिवसांत. म्हणजे ज्या दोन दिवसांत त्याने घरी राहणे साऱ्या पट्ट्याच्या हिताचे, नेमके तेच दोन दिवस बिनपगारी. नियम करणाऱ्याचा हेतू खोट्या आजाराला आळा घालण्याचा असेल. फळ मात्र असे की खरा आजार खिशात तापाची गोळी घालून पहिल्या पाळीच्या बसमध्ये चढतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नव्या श्वसनविषाणूसाठी महाळुंग्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तयारी कोणती, तर ताप-खोकला असलेल्या प्रत्येक कामगाराला, त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे हे न पाहता, पहिल्या दिवसापासून पगारी विश्रांती. खर्च कारखाना, ठेकेदार व विमा योजना यांनी वाटून घ्यावा. कारखानदार म्हणतील, यात लबाडी होईल. होईलही थोडी. पण २०२० साली सारा पट्टा आठवडे न् आठवडे बंद राहिला, त्या हानीच्या तुलनेत दोन दिवसांच्या लबाडीची किंमत ती काय? दुसरे असे की कारखान्यातल्या दवाखान्यात तापाची नोंद होतच असते. पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे प्रथमोपचाराचा सुसज्ज कक्ष ठेवण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यानेच घातली होती. देशात रोगांवर नजर ठेवण्याचा एकात्मिक कार्यक्रम २००४ पासून आहे. एका कारखान्यात एका आठवड्यात नेहमीपेक्षा अधिक खाडे पडले, ही वार्ता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळली, तर साथ तपासणीअहवालाच्या आधी ओळखता येईल. खाड्यांचा आकडा हा या पट्ट्याचा तापमापक आहे. आज त्याचा उपयोग केवळ पगार कापण्यासाठी होतो.

तिसरी गोष्ट भाषा, आणि येथे आपण, म्हणजे साहित्य शिकणारे व शिकवणारे, बाहेरचे उरत नाही. साथीत शब्दही पसरतात, आणि ते निष्पाप नसतात. ‘सोशल डिस्टन्सिंग’चे ‘सामाजिक अंतर’ असे भाषांतर आपण विनासंकोच केले आणि भिंतीभिंतींवर रंगवले. ज्या समाजाने शतकानुशतके सामाजिक अंतर हाच धर्म मानला, त्याला हा शब्द उच्चारताना क्षणभरही अडखळायला झाले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला होता. आमच्या फलकांवर जुनाच राहिला. ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ हे दोन शब्द आले. कोणता रुग्णासाठी आणि कोणता केवळ संपर्कात आलेल्यासाठी, हे वृत्तपत्रेही एकसारखे पाळत नव्हती. मग ओडिशाहून आलेल्या मुलाने त्यातून काय बोध घ्यायचा? आणि १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर जी मोहीम निघाली तिचे नाव होते ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. घरोघर जाऊन तपासणी करण्याचे तिचे काम उपयुक्त होते, यात शंका नाही. पण नावातील ‘माझे’ कोणाचे? ज्याचे कुटुंब आठशे कोसांवर आहे आणि खोलीतले पाच जण कालपर्यंत अनोळखी होते, त्याची जबाबदारी कोणाची? घोषणेच्या व्याकरणातच तो बसत नव्हता.

तीच गत ‘योद्धा’ या शब्दाची. सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) या पुस्तकात आजाराला रूपके, विशेषतः युद्धाची रूपके, चिकटवण्याचे धोके दाखवले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. त्याचा पुरावा आपल्या दारात येऊन गेला. आशा कार्यकर्तींना आपण ‘कोविड योद्धे’ म्हटले, थाळ्या वाजवल्या. त्याच आशांना १५ जून २०२१ पासून राज्यभर संप करावा लागला, कारण योद्ध्याला पगार नसून मानधन होते, आणि तेही अपुरे. योद्धा म्हटले की त्याने मरणे गृहीत धरले जाते. कामगार म्हटले की वेतन द्यावे लागते. रूपक स्वस्त पडते. राजिंदरसिंह बेदी यांची ‘क्वारंटीन’ ही कथा या संदर्भात पुन्हा वाचावी. प्लेगपेक्षा क्वारंटीनचीच धास्ती घेतलेल्या शहरात भागू नावाचा झाडूवाला रुग्णांसाठी जिवाची पर्वा न करता राबतो, आणि शेवटी हारतुरे मिळतात डॉक्टरला. त्या डॉक्टरला निदान लाज वाटते.

मग भाषेची तयारी म्हणजे काय? ती अवघड नाही. ताप आला तर काय करावे, कोणाला फोन करावा, पगार कापला जाणार नाही याची हमी कोणी दिली आहे, खोलीत राहणे शक्य नसेल तर कोठे जावे, ही चार-पाच वाक्ये मराठी, हिंदी, ओडिया, बंगालीत, पाळीच्या बसमध्ये ऐकू येतील अशा बोलीत, आजच लिहून तयार ठेवणे. चाकण-राजगुरुनगर-पिंपरीच्या महाविद्यालयांतील भाषाविभागांनी हे काम प्रकल्प म्हणून घेतले तर ते कोणत्याही शोधनिबंधाहून कमी मोलाचे ठरणार नाही. बोलीभाषांचे सर्वेक्षण आपण करतोच; एकदा ते खोल्यांच्या रांगांत करावे. सोबत मानमोडीसारखे शब्द, २०२० ची पायपीट, कोविड केंद्रातल्या रात्री यांच्या आठवणी सांगणारे अजून आहेत तोवर लिहून घ्याव्यात. १९१८ चे मौन पुन्हा घडू देणे हा आपल्या पेशाचा दोष ठरेल.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. सर्व शासनावर, कारखान्यांवर ढकलून गावाने काय करायचे? गावानेही करायचे आहे. खोल्यांचे भाडे हे आज येथील अनेक घरांचे मुख्य पीक आहे. त्या पिकाची निगा म्हणून खिडकी हवी, शौचालये पुरेशी हवीत, आणि भाडेकरू आजारी पडला तर त्याला रात्रीतून बाहेर काढायचे नाही, एवढा संकेत ग्रामसभेने स्वतः ठरवावा. गावातील एखादी शाळा वा सभागृह आजारी माणसांच्या विश्रांतीसाठी आधीच मुक्रर करावे, म्हणजे मोकळ्या इमारतींच्या दैवयोगावर विसंबावे लागणार नाही. आणि कोणत्या कार्यालयाने कोणत्या दिवशी काय करायचे, हे साऱ्या नकाशांच्या मालकांनी एका कागदावर सह्या करून ठेवावे. चाकणसाठी स्वतंत्र महानगरपालिका असावी अशी चर्चा अधूनमधून होते. व्हावी, पण हद्द वाढल्याने आरोग्य आपोआप वाढत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले ते प्रामुख्याने सिंहगड रस्ता व नांदेडगाव भागात, जेथे महापालिकेची हद्द जाऊन पोहोचली होती आणि शुद्ध पाणी पोहोचायचे होते. त्याच महिन्यात मेटान्यूमोविषाणूच्या बातम्यांनी दोनचार दिवस घबराट उडवली. तो विषाणू २००१ सालीच ओळखला गेलेला, आणि आपली स्मृती मात्र नवी कोरी.

नवा विषाणू कोणता असेल, केव्हा येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा महाळुंग्याच्या एखाद्या खोलीत रात्रपाळीहून परतलेला कोणीतरी कण्हत पडेल आणि पहाटे उठून जावे की नाही याचा विचार करील. त्याचा तो निर्णय, एकट्याने, अंधारात, खिशातल्या पैशांच्या हिशेबाने घेतलेला, हा साऱ्या पट्ट्याचा निर्णय असेल. तो त्याला नीट घेता यावा एवढे करून ठेवणे म्हणजे तयारी. मरीआईचा गाडा ओढून नेता येईल अशी पुढच्या गावाची शीव आता उरलेली नाही. पुढचे गावही आपणच आहोत.